सुजितने उचललेला भंडारा

अन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने तुमच्याकडचा टीव्ही दाखवायला फोन फिरवला. पडद्यावर कबड्डी चालू होती. माझ्या शेजारी बसलेला तुमचा मामा चहा अर्धा टाकून उठला आणि बाहेर गेला. "मामाला आमचा राग आला का?" असं अन्वीने विचारलं आणि तुमच्या आईने घाईघाईने विषय बदलला. राग तुमचा नाही, बाळांनो. तुमच्या आईलाही हे सगळं नीट माहीत नाही. तेव्हा ती मेलबर्नला नवीन होती आणि तिला फोनवरून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मामा सांगणार नाही. आबा आता नाहीत. राहिले मी. आयुष्यभर मी वर्गातल्या मुलांना सांगत आले की आधी काय झालं, मग काय झालं, असं क्रमाने लिहा. इथेही तसंच लिहायचा प्रयत्न करते.

कासार आंबोलीचं आपलं घर तुम्ही पाहिलं ते फरशी बसवलेलं, वर भाड्याच्या खोल्या चढवलेलं. तेव्हा पुढे मोठं मातीचं अंगण होतं, मागे गोठा आणि गोठ्यापलीकडे भाताची खाचरं. तुमचा मामा, म्हणजे सुजित, लहान असतानाच तुमचे आजोबा गेले. मी पुण्यात वाढलेली, इंग्रजी माध्यमात शिकलेली, लग्न करून इथे आले आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले. घर चालायचं ते माझ्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे आबांच्या शब्दावर, आणि त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातांवर. त्या दोघांना मूल नव्हतं. सुजित त्यांचाच, असं गाव धरून चालायचं आणि मीही त्याला कधी हरकत घेतली नाही. आबा मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, कधी मानाने, कधी चिमटा काढत. कोणत्या वेळी कोणतं, ते त्यांच्या भुवयांवरून ओळखायचं.

अक्कांचा खाण्यावर फार विश्वास. सुजित कबड्डीत नाव काढू लागला तशी चुलीवरची एक जागा त्याचीच झाली. सकाळी झुंजूमुंजू उजाडताना दुधात भिजवलेले बदाम, शाळेतून आल्यावर नाचणीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, रविवारी गावरान कोंबडीचा रस्सा, त्यातली तंगडी न विचारता त्याच्या ताटात. मी बारावीच्या अभ्यासासाठी त्याला लवकर बसवलं की त्या दारातून म्हणायच्या, "अगं, किती कागद भरतीस पोराच्या डोस्क्यात? थोडी जागा ऱ्हाऊ दे जेवणाला!" संध्याकाळी देवळामागच्या मैदानातून पोरांचा गलका घरापर्यंत यायचा. तो सगळा गलका थांबला आणि एकाच गळ्यातून सलग 'कबड्डी कबड्डी' ऐकू येऊ लागलं की मला कळायचं, सुजित चढाईला गेला. हातातलं लाटणं तसंच धरून मी तो आवाज तुटेपर्यंत उभी राहायची. मग टाळ्या आल्या की पुन्हा लाटणं चालू.

तो उंच नव्हता. पण त्याचे पाय असे हलायचे की पकडणाऱ्याचा हात जिथे जाई तिथून पाय आधीच निघालेला असे. आणि त्याला माणसाच्या अंगाचं कुतूहल होतं. मैदानात कुणाचं बोट सरकलं, घोटा सुजला की पोरं डॉक्टरआधी त्याच्याकडे येत. तो हाताने चाचपून बघायचा आणि मला येऊन विचारायचा, "आई, गुडघ्यात एवढं काय काय असतं गं? बाहेरून तर नुसती वाटी दिसते." म्हणूनच बारावी झाल्यावर लवळ्याच्या कॉलेजमधून देसाई मॅडमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, देवाने आमचं ऐकलं. मॅडम तिथला क्रीडा विभाग बघायच्या. त्यांनी सुजितला जिल्ह्याच्या सामन्यात पाहिलं होतं. खेळाडूंच्या राखीव जागेतून फिजिओथेरपीला प्रवेश, वसतिगृह, फी माफ. अट एकच, कॉलेजच्या संघाकडून खेळायचं. सुजितने त्या दिवशी मला उचलून गोल फिरवलं. मी ओरडत होते आणि अक्का हसत होत्या, "टाक खाली तिला, चष्मा फुटंल मास्तरणीचा!"

त्याच महिन्यात राठी आले. टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिक संघांपैकी एका संघासाठी ते खेळाडू हेरत फिरत. दिल्लीकडचे, पांढरे बूट, फार गोड बोलणं. पिरंगुटच्या एका सामन्यात सुजितची चढाई पाहून ते त्याच्यामागे घरी आले. संघाच्या तरुण तुकडीत घेऊ, तीन हंगामांचा करार करू, जेवणखाण, प्रशिक्षक, पुढे टीव्हीवरचा संघ. मात्र करार झाला की दुसऱ्या कुणाकडूनही खेळायचं नाही, कॉलेजकडूनही नाही. म्हणजे दोन्ही हातात धरता येणार नव्हतं. त्या रात्री जेवताना मी त्याला विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय?" तो भाताची शितं वेचत म्हणाला, "दोन्ही." मग थोड्या वेळाने, "एकच सांगायचं तर कॉलेज. पण आबांना नको सांगू एवढ्यात." मी बरं म्हणाले. मला वाटलं होतं, हातात अजून वेळ आहे.

आता तुम्हाला आमच्या मुळशी खोऱ्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जत्रांच्या हंगामात गावोगाव कबड्डीचे सामने होतात आणि चांगला खेळाडू दुसरी गावंही मागतात. पूर्वी एखादा दोन्ही गावांना हो म्हणायचा आणि मैदानावर डोकी फुटायची. म्हणून जाणत्यांनी ठरवलं की खेळाडू आणि त्याला मागणारा, दोघांनी खंडोबासमोर बेल-भंडारा उचलायचा. ओंजळीत बेलाचं पान, हळदीचा भंडारा, आणि तोंडाने शब्द. एकदा उचलला की त्या हंगामात दुसऱ्याचा शर्ट अंगात घालायचा नाही. सोडायचं असेल तर ज्याच्यासमोर उचलला त्याने स्वतः सोडायचं. आबांनी तरुणपणी असा शब्द पाळला होता. सख्ख्या चुलतभावांच्या गावाविरुद्ध खेळले, भावांनी वर्षभर तोंड बघितलं नाही, तरी खेळले. ही गोष्ट सुजितने मांडीवर बसून किती वेळा ऐकली असेल!

राठी दुसऱ्यांदा आले तेव्हा आबांनी अंगणात अर्धा गाव जमवला होता. अक्कांनी पुरणपोळी केली होती. मी कागदांची गोष्ट काढली.

"राठीजी, करार कधी होणार? आम्हाला वाचायला मिळेल ना?"

"मॅडमजी, कागज तो आ जाएगा. ऑफिस का काम है, टाइम लगता है. लड़का तो हमारा हो गया समझो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर. "मास्तरीणबाई, कागुद फाटतुया. चला देवळात."

सगळे देवळात गेले. गुरवाने आधी राठींच्या ओंजळीत बेल आणि भंडारा दिला. आबांनी त्यांना मराठीतच सांगितलं, "म्हणा, ह्या पोराला आमी घेतला, तीन हंगाम सोडणार न्हाई." राठी मान हलवून "हाँ जी, हाँ जी, बिल्कुल" म्हणाले, भंडारा कपाळाला लावला, थोडा जिभेवर ठेवला आणि मोबाइल काढून देवाचा फोटो घेतला. मग सुजितची पाळी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी अजून सांगू शकत नाही. मी मान हलवून नको म्हणाले. आबांचा हात त्याच्या पाठीवर होता, ढोलकीवाला तयार होता, आणि त्या सगळ्यात आमच्या जेवतानाच्या बोलण्याला जागा नव्हती. त्याने ओंजळ पुढे केली. "तीन हंगाम दुसऱ्या कुणाचा शर्ट अंगात घालणार न्हाई." आवाज खणखणीत होता. ढोलकी वाजली. आबा रडत होते.

दुसऱ्या दिवशी पौड रस्त्याला सुजितचा फ्लेक्स लागला. खाली कार्यकर्त्यांचे चेहरे त्याच्यापेक्षा मोठे. रस्त्याने जाताना पोरं हाका मारायची, "ओ टीव्हीवाले! आता आमाला वळख द्या की!" तो हसायचा. महिना गेला. करार आला नाही. राठींना फोन केला की "मीटिंग में हूँ", मग नुसतीच रिंग. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. अक्का बदाम भिजवत होत्या, पण सुजितच्या ताटात भाकरी उरू लागली होती. तो मैदानावर जाईना, कारण गावाच्या संघाचाही शर्ट घालता येत नव्हता. संध्याकाळी मैदानातून गलका यायचा आणि तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मी लाटण्याचा आवाज मोठा करायची.

मग देसाई मॅडमचा फोन आला. जागा आज संध्याकाळपर्यंतच धरता येईल, त्यानंतर यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. त्यांना आमच्या फ्लेक्सबद्दल कळलं होतं, तरी त्यांनी फोन केला, हे मी विसरणार नाही. मी सुजितला म्हणाले, "चल."

"मी उचललाय, आई."

"मग ज्याच्यासमोर उचललास त्याच्याकडे जाऊ. तो सोडेल तुला."

तो उठला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. राठी हिंजवडीच्या एका हॉटेलात आहेत, तिथे खेळाडूंची निवड चालू आहे, हे गावातल्या एकाकडून कळलं होतं. मी सगळी सर्टिफिकेटं पिशवीत घातली आणि आम्ही स्कूटरवर निघालो. हिंजवडीत कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. चारी बाजूंनी हॉर्न, पुढे मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या बस. सुजित गाडी फुटपाथवरून काढत होता आणि मी मागे पिशवी पोटाशी धरून, कुणाकडे हेही न कळता, विनवण्या करत होते.

राठी लॉबीतच भेटले. भोवती उंच उंच मुलं, गळ्यात कार्डं. आम्हाला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अरे हाँ, मुलशीवाला! बेटा, तुझे किसी ने बताया नहीं? लिस्ट तो फाइनल हो गई. कोच साहब को हाइट थोड़ी कम लगी. अगले साल ट्राय करते हैं, हाँ?"

खरं सांगते, मला त्या क्षणी हायसं वाटलं. मी पुढे झाले. "राठीजी, ठीक आहे. फक्त एवढं म्हणा की तुम्ही ह्याला सोडलं. देवळात शब्द दिला होता ना तुम्ही?"

"देवळात?" त्यांना आठवेना. मग आठवलं आणि ते मोकळेपणाने हसले. वाईट माणूस नव्हता तो. "वो? वो तो प्रसाद था ना, मॅडमजी? हळदी वाला? अच्छा चलो, छोड़ दिया, छोड़ दिया!" हात हलवला, सुजितच्या खांद्यावर थोपटलं आणि फोन कानाला लावून ते निघून गेले.

मी म्हणाले, "झालं. सुटलास. चल लवकर." लवळ्याचा चढ लागला, कॉलेजच्या इमारती दिसू लागल्या, रिक्षातून मुलंमुली हसत उतरत होती. आम्ही वेळेत पोहोचलो होतो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावात अजून लोक समजतात की आम्हाला उशीर झाला. उशीर झाला नव्हता. ऑफिस उघडं होतं, मॅडम आत वाट बघत होत्या. सुजितने गाडी लावली आणि तो पायऱ्यांवर बसला.

"ऊठ. आत जायचंय."

"त्यांनी काही उचललंच नव्हतं, आई."

"म्हणजे?"

"त्यांनी प्रसाद खाल्ला. भंडारा मी एकट्याने उचलला. ज्याने उचललाच नाही, तो मला सोडणार कसा?"

मी शिक्षिका होते. चुकीचा युक्तिवाद कुठे चुकतो ते मुलांना दाखवून द्यायचं, हेच माझं काम. त्या पायरीवर मला त्याच्या बोलण्यात चूक सापडेना. म्हणून मी युक्तिवाद सोडला आणि हात जोडले. येणारीजाणारी मुलं बघत होती. मी म्हणाले, तुझ्या बाबांची शपथ. मी म्हणाले, माझ्याकडे बघ, मी एकटीने तुला शिकवलं. मी म्हणाले, देव इतका लहान नसतो रे. तो माझा हात धरून बसला, पण उठला नाही. मॅडम बाहेर आल्या, शांतपणे समजावून सांगू लागल्या. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बसला.

शेवटी मी आबांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "फोन दे त्याला." मी फोन दोघांच्या मध्ये धरला.

"सुज्या, मी सांगतुया, जा आत. सही कर. काय पाप लागायचं ते मला लागंल. मी आत्ता जातो देवळात, नाक घासतो."

"आबा, तुमी सख्ख्या चुलतभावांसमोर खेळलात."

"आरं, ती येगळी गोष्ट व्हती."

"येगळी कशी? सांगा की."

"मी म्हातारा माणूस हाय, चुकलो, लेकरा," एवढंच ते म्हणाले आणि मग मोठ्याने रडायला लागले. सुजितही रडत होता. "आबा, तुमीच शिकवलंय हे. आता न्हाई म्हणू नका. मग माझ्याजवळ काहीच ऱ्हाणार न्हाई." त्याने फोन माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने आतून शिपायाने ऑफिसचं दार ओढून घेतलं. मॅडम माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, मला पाणी दिलं. पुढच्या मुलाला फोन लावायला त्या आत गेल्या तेव्हा त्यांनी दार हळूच लावलं, आम्हाला आवाज जाऊ नये म्हणून.

मी आज ही गोष्ट लिहिताना पुन्हा पुन्हा थांबते. ती श्रद्धा होती, की हट्ट, की त्या लॉबीत त्याचं इतकं मोडलं होतं की शब्द सोडून धरायला दुसरं काही उरलंच नव्हतं? मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "आई, जेवायला वाढ." पुन्हा मी विचारलं नाही.

ते तीन हंगाम आमच्या घराने कसे काढले ते सविस्तर लिहीत नाही. फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला, मग फाटला. टीव्हीवरचे हंगाम येत गेले, लोक आधी चेष्टा करायचे, मग कीव, मग विसरले. आबा रोज देवळात जायचे आणि पोराला सोड म्हणून देवाला सांगायचे. आपण सोडवू शकत नाही हे त्यांना माहीत होतं. अक्का म्हणायच्या, "देव ऐकतोय, पण पोरगं ऐकत न्हाई." दुसऱ्या वर्षी आबा गेले, भाताची लावणी चालू असताना, बांधावर बसल्या बसल्या. शेवटच्या दिवसांत ते सुजितशी फक्त शेताबद्दल बोलायचे. तिसरा हंगाम संपला त्या सकाळी सुजित अंघोळ करून देवळात गेला, परत आला आणि गोठा झाडायला लागला. मी विचारलं, "आता खेळशील?" तो म्हणाला, "आता कुणाकडून?" लवळ्याची राखीव जागा वयाने केव्हाच गेली होती. देवळामागच्या मैदानात तोवर वीकएंडच्या बंगल्यांचं कुंपण आलं होतं.

पुढे त्याने वर खोल्या बांधल्या. लवळ्याला शिकणारी मुलं तिथे भाड्याने राहतात. त्यांतली काही फिजिओथेरपीची आहेत. त्यांची पुस्तकं गच्चीवर उन्हात पडलेली दिसली तर तो ती उचलून आत ठेवतो. उघडून बघत नाही. मी पाहिलंय.

त्या संघाचं काय झालं, हेही तुम्हाला माहीत असावं. तो विकला गेला, नाव बदललं, रंग बदलला. ज्या शर्टासाठी तुमचा मामा थांबला, तसा शर्ट आता कुणीच घालत नाही. मैदान नाही, आबा नाहीत, अक्काही गेल्या. मी आहे आणि तुमचा मामा आहे. सकाळी तो मला विचारतो, "आई, रात्री झोप लागली का?" मी हो म्हणते. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून चहा पितो.